आण्णांच्या खानावळीचं तेलाचं चेंबर : कामाच्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

दुपारी दीड वाजता आण्णांचा फोन. "ताई, मोरी उलटी फिरलीय." मागे भांड्यांचा खणखणाट आणि कुणाची तरी आरडाओरड. यंदा आखाडातली अमावास्या गुरुवारी येतेय, म्हणून निम्म्या कोल्हापूरने आजच आखाड उरकायला घेतलाय. बाहेर माणसं नंबर लावून उभी आणि आत भटारखान्यात घोट्याएवढं पाणी. मुंबई-पुण्याकडे या अमावास्येला गटारी म्हणतात. आण्णांकडे ती शब्दशः साजरी झाली.

फोनवरच सांगितलं : भांडी घासणं थांबवा, पत्रावळी काढा, गरम पाणी ओतू नका, ॲसिड तर मुळीच नको. संध्याकाळी कळलं, ॲसिडची बाटली माझ्या आधीच रिकामी झाली होती.

२१ जुलै, सोमवार

खानावळ बंद ठेवून पाहणी. मागच्या पाच फुटी बोळात दोन झाकणं आहेत. पहिल्याखाली सांडपाण्यातला तवंग अडवायला विटांत बांधलेला दोन बाय दोन बाय दोन फुटांचा डबा, यालाच सगळे 'तेलाचं चेंबर' म्हणतात. दुसऱ्याखाली सहा फूट खोल चेंबर, तिथून पाइप रस्त्याकडे जातो.

पहिलं झाकण पहारीने उचकटावं लागलं. वर पिवळट पांढरा थर, इतका घट्ट की त्यावर मिस्त्रींनी वीट ठेवली तर ती बुडाली नाही. नवल नाही. शेंगदाण्याचं तेल पावसाळ्यातही पातळ राहतं, पण इथे मटणाची चरबी आहे. पातेल्यात गरम असताना ती पाण्यासारखी वाहते आणि जमिनीखालच्या गार पाइपात शिरली की मेणासारखी बसते. डब्यात मध्ये आडवी भिंत असायला हवी होती, ती नाही. बाहेर जाणारा पाइप अगदी वरच्या पातळीला उघडा. म्हणजे तवंग अडवायच्या ऐवजी तवंगच आधी बाहेर पडत होता.

आण्णांना समजावायला वेळ लागला नाही. म्हटलं, तांबडा रस्सा वाटीत स्थिर ठेवला की तर्री वर येते ना? खालचा रस्सा काढायचा असेल तर वाटी कलंडायची की तळाशी भोक पाडायचं? ते म्हणाले, "म्हणजे आमची वाटी रोज कलंडत होती." बरोबर.

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेतला. काचेच्या बाटलीत, कारण प्लास्टिकला तेल चिकटून राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. प्रयोगशाळेने बाटलीत आधीच आम्ल घालून दिलं होतं.

२३ जुलै, बुधवार

मला एक गोष्ट खटकत होती. डबा इतका तुंबलेला, तरी पुढच्या गटारात तेलाचा थर ताजा कसा? म्हणून रंग सोडून पाहिला. स्वयंपाकघरात जिलबीचा केशरी रंग होता, तोच बादलीभर पाण्यात कालवला.

स्टीलच्या सिंकमध्ये ओतला : डब्यात आला, मग मागच्या चेंबरमध्ये. ठीक.

भांडी घासायच्या मोरीत ओतला : डब्यात आलाच नाही. तीन मिनिटांनी मिस्त्री रस्त्यावरून ओरडले, "हिकडं आला बगा!" पावसाच्या पाण्याच्या उघड्या गटारात.

कामगारांच्या संडासात ओतला : मागच्या सहा फुटी चेंबरमध्ये.

म्हणजे सिंकमध्ये जी ताटं-वाट्या धुतात, त्यांचं बऱ्यापैकी कमी तेलकट पाणी डब्यातून जातं. आणि रश्शाची वीस-वीस किलोची पातेली जिथे घासतात, त्या मोरीचं पाणी न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या वाकड्या नळीतून, सरळ गटारात. तिथून जयंती नाला आणि पुढे पंचगंगा. नाल्याचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या दिवसाला ७६ दशलक्ष लिटरच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात हे खरं, पण जोराच्या पावसात नाला कुणाची वाट बघत नाही.

(जाता जाता : न्हाणी ट्रॅप हा आपल्या न्हाणीघरातला शब्द देशभरचे प्लंबर 'नहानी ट्रॅप' म्हणून वापरतात. सुरतेहून आलेल्या एका कंत्राटदाराने मला तो इंग्रजी आहे असं ठासून सांगितलं होतं.)

नियमांची उजळणी आण्णांच्या वहीत लिहून दिली. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीनुसार तेल आणि ग्रीसची मर्यादा सार्वजनिक मलवाहिनीत सोडताना लिटरला २० मिलिग्रॅम, नदी-नाल्यात सोडताना १०. आण्णांनी विचारलं, "आमचं किती?" अहवाल यायचाय.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण सुरू

महिनाभर मटण जवळजवळ बंद, खानावळ फक्त शाकाहारी थाळीवर. काम करायला याहून चांगला महिना नाही.

आकडेमोड. दोन सिंक, प्रत्येकी ६० × ४५ × ३० सेंमी, म्हणजे ८१ लिटर. पाऊण भरलेली दोन्ही एकदम सोडली आणि दोन मिनिटांत रिकामी झाली तर मिनिटाला ६१ लिटर. मोरीचा नळ १२ लिटर धरला. एकूण ७३.

जुन्या डब्यात पाण्याची खोली ४५ सेंमी, मावतं १६२ लिटर. नुसत्या सिंकचं पाणीही तिथे जेमतेम अडीच मिनिटं थांबतं. तेलाचा दीडशे मायक्रॉनचा (०.१५ मिलिमीटर) थेंब पाण्यात सेकंदाला साधारण १.१ मिलिमीटर वर चढतो. ४५ सेंमी चढायला त्याला सात मिनिटं लागतात. तो निम्म्या वाटेवर असतानाच पाणी निघून जातं.

नवी टाकी : १.८ × ०.९ मीटर, पाण्याची खोली १ मीटर, वर ३० सेंमी मोकळी. १,६२० लिटर. ७३ लिटरच्या वेगाने पाणी २२ मिनिटं थांबेल. मीटरभर चढायला थेंबाला पंधरा लागतात. जमतं.

पण हे मोठ्या थेंबाचं. साबणाने फोडलेला वीस मायक्रॉनचा थेंब मीटरभर चढायला चौदा तास घेईल, आणि चौदा तास थांबवायला टाकी नाही, तलाव लागेल. म्हणजे साबण आणि गरम पाणी हा टाकीचा नव्हे, मोरीचा प्रश्न आहे. मोरीवर बसलेल्या मावशींशी बोलायला हवं.

२८ जुलै, सोमवार

आजचा दिवस विसरणार नाही.

सफाईसाठी सक्शनची गाडी नऊला यायची होती, ती आली साडेअकराला. तोवर खानावळीतला एक पोरगा, विशीचाही नसेल, चड्डीवर येऊन उभा. हातात बादली, कमरेला दोर. "ताई, गाडी कशाला? दर साली मीच उतरतो की. अर्ध्या तासाचं काम हाय."

सहा फुटी चेंबर. त्यात संडासाची लाइन. आणि आठ दिवसांपूर्वी ओतलेलं ॲसिड.

त्याला खाली बसवून सांगितलं. अशा गाळात हवा नसते, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. गाळ ढवळला की एकदम सुटतो आणि ॲसिड पडलं की आणखी जास्त. याची खरी फसवणूक पुढे आहे : प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, हवा बरी झाली. पोरगा म्हणाला, "व्हय, आत गेल्यावर वास जातोच." हे ऐकून मिस्त्रींनी त्याच्या कमरेचा दोर स्वतःच सोडला.

आण्णांचं म्हणणं, हे काय गटार नाही, तेलाचं चेंबर आहे, कायदा कशाला लागतो? त्यांना केशरी रंगाची आठवण करून दिली. संडासाचं पाणी तिथे येतं. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या सातव्या कलमाने मलवाहिनी किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस लावायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. आण्णा बराच वेळ गप्प. मग त्या पोराला म्हणाले, "जा, अंघोळ कर अन् च्या पी."

मग गाडी आली. होस सोडण्याआधी चालकाला विचारलं, भरलेला माल कुठे रिकामा करणार? "टाकतो की कुठंतरी गावाभायेर." कुठंतरी म्हणजे ओढा किंवा कुणाचं तरी रान. गाडी परत पाठवली. आण्णा वैतागले, दिवस वाया गेला आणि मीच गाडी नको म्हणतेय.

३० जुलै, बुधवार

दुसरी गाडी मिळाली. हा माणूस रिकामं केल्याच्या जागेची सही-शिक्क्याची पावती देतो. दर जास्त, पण पावती वहीत चिकटते. साफसफाई वरूनच, लांब नळीने. आत कुणीही उतरलं नाही. झाकणं अर्धा तास उघडी ठेवून मगच काम सुरू केलं.

पहिल्या डब्यातला कडक थर नळीने ओढला जाईना, तो फावड्याने वरूनच फोडून पिंपात घेतला. आतून पाइप पाहिला तर भिंतीला खरवडीसारखा पांढरा, खडूसारखा थर. ही नुसती चरबी नाही. चरबीतली आम्लं आणि सिमेंटमधलं किंवा पाण्यातलं कॅल्शियम यांचा साबण होतो, न विरघळणारा. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात अडीचशे मीटर लांब, १३० टनांचा असाच गोळा सापडला होता आणि त्याचा तुकडा पुढे संग्रहालयात ठेवला. आण्णा म्हणाले, "आमचाबी ठेवा टाऊन हॉलच्या म्युझियमात."

३१ जुलै, गुरुवार

तेलाचा अहवाल आला : ५४०. आण्णांनी आकडा दोनदा वाचला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

टाकी शिरोली एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडे सांगितली होती, फायबरची, ती तयार. दरम्यान कचऱ्याची वजनं. आता श्रावण आहे म्हणून आखाडातल्या खरेदीच्या वह्या काढून अंदाज बांधला : एरवी दिवसाला ७० किलोच्या आसपास ओला कचरा, रविवारी १३०. सरासरी ७९. घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर गेलं की मोठा कचरा निर्माता ठरतो. आण्णा खाली आहेत, पण फार खाली नाहीत. दुसऱ्या शाखेची स्वप्नं बघताना हे लक्षात ठेवा म्हटलं.

तळणाचं तेल वेगळं. कोंबडी आणि मासे तळून रोजचं चौदा लिटर लागतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम असा की वारंवार तळून तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. आणि दिवसाला ५० लिटरच्या वर तळणाचं तेल लागणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवणं आणि ते मान्यताप्राप्त संस्थेलाच देणं बंधनकारक आहे. आण्णांना नोंद बंधनकारक नाही. तरी वही घातली, कारण आत्तापर्यंत ते तेल एक माणूस सायकलवरून रोख पैसे देऊन न्यायचा आणि कुठे जातं ते सांगायचा नाही. मला त्याची शंका आहे आणि आण्णांनाही होती, फक्त त्यांनी विचारलं नव्हतं. आता दोन कॅन भरले की जैवइंधनासाठी गोळा करणाऱ्यांना फोन.

एक गोष्ट भिंतीवर लिहून लावली : चेंबरमधली चरबी या कॅनमध्ये टाकायची नाही. ती पाण्याने आणि उष्ट्याने बिघडलेली असते, सगळा कॅन नासतो.

४ ते ६ ऑगस्ट

खोदाई. चार फुटांवर मुरूम लागला, साडेपाच फुटांवर थांबलो. शेजारच्या भिंतीला फळ्या आणि वासे लावून टेकू. तळाला सहा इंच काँक्रीट. सहा तारखेला दुपारी टाकी दोरांनी खाली सोडली, लेव्हल बरोबर, इनलेट आउटलेटपेक्षा ६ सेंमी वर. मिस्त्रींनी विचारलं, पाणी भरू का आत? मी म्हटलं, उद्या मुरूम भरताना भरू.

७ ऑगस्ट, गुरुवार

रात्रभर पाऊस. सकाळी बोळात गेले तर टाकी हातभर वर येऊन होडीसारखी कलंडलेली, इनलेटचा तुकडा भिंतीला आपटून फुटलेला. खड्ड्यात दोन फूट पाणी. इतक्या पाण्यात ही टाकी जवळजवळ एक टन उचलते, आणि तिचं स्वतःचं वजन दीड-दोनशे किलो. हे गणित मला कॉलेजात असल्यापासून येतं. काल येत नव्हतं.

चूक माझी, दुरुस्तीचा खर्च माझा. आण्णा काही बोलले नाहीत, फक्त चहा आणताना पोऱ्याला म्हणाले, "ताईंच्या होडीला पण दे एक कप."

११ ऑगस्ट, सोमवार

दुरुस्त टाकी पुन्हा बसवली. या वेळी फूटभर पाणी आत, फूटभर मुरूम बाहेर, असं पायरीपायरीने. तळाच्या काँक्रीटला अडकवलेले पट्टे वरून आवळले.

आतली रचना : दोन कप्पे, पहिला दोन तृतीयांश. मधली भिंत वर-खाली मोकळी नाही, पाणी तळापासून ३० सेंमीवरच्या झडपेतून पुढे जातं. आउटलेटचा टी आकाराचा जोड खाली उतरवलेला, म्हणजे तवंग कधीच त्याच्या तोंडाशी येत नाही. दोन्ही कप्प्यांवर हलकी झाकणं, पहार न लागणारी; झाकण जड असलं की कुणी उघडत नाही, आणि न उघडलेलं चेंबर म्हणजे पुढच्या आखाडाचा फोन. वायुनळी छपराच्या वर नेली. पुढे नमुना घ्यायला छोटं चेंबर. संडासाची लाइन या सगळ्याला वळसा घालून थेट मलवाहिनीला. मोरीचा गटाराचा पाइप कायमचा बुजवून ती आता टाकीत.

सगळी सफाई उभ्याने, वरून होते. आत उतरायला शिडीची जागाच ठेवलेली नाही, मुद्दाम.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पाणी सुरू. सकाळपासून मावशींजवळ बसले.

मावशी पंचवीस वर्षं इथे भांडी घासतात. म्हणाल्या, "रातीला गरम पाण्यानं घासलं की चरबी पाण्यासंगं पळती. सकाळी गार झाल्यावर मी उलथन्यानं खरवडून काढतो की, एका पातेल्यात बचकभर निघती. पर मालकास्नी रातच्याला समदं लख्ख पायजे." पातेली रात्रभर तशीच ठेवायची तर उंदीर-झुरळं, आण्णांचंही बरोबर. तोडगा मावशींनीच काढला : पातेलं रिकामं झालं की पाणी न लावता मूठभर तांदळाचा कोंडा टाकून पुसायचं. घरी राखेनं घासायचो तसंच, म्हणाल्या. कोंडा चरबी पितो आणि ओल्या कचऱ्यात जातो. मग पातेलं घासायला निम्मा साबण पुरतो आणि पाणी उकळतं लागत नाही.

रबरी खरवडणी मी आणून दिली होती. मावशींनी ती ताटांना वापरली, पातेल्यांना नाही. पातेल्यांना उलथनंच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नमुना : ५८. श्रावणातला आकडा, यावर उड्या मारायच्या नाहीत. द्रव साबण बाटलीतून मनाला येईल तसा पडतोय. एका दाबाला ठरावीक साबण देणारा पंप बसवला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गणपती झाले, पितृपक्ष चालू. गिऱ्हाईक कमी. पांढरा रंग दिलेली काठी उभी बुडवून थर मोजले : वर तेल ४ सेंमी, तळाला गाळ ३. नमुना ३१.

नियम साधा : वरचा थर आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीचा चौथा भाग झाला की रिकामं करायचं. आपल्याला २५ सेंमी. काठीवर त्या मापाला लाल रेघ मारली. काठी वापरायचं काम त्या पोराकडे, जो उतरणार होता. दर शुक्रवारी मोजतो आणि वहीत लिहितो. अक्षर वाईट, आकडे बरोबर.

एन्झाइमची पूड विकायला एक जण येऊन गेला. टाकी साफच करावी लागणार नाही म्हणाला. विचारलं, चरबी जाते कुठे? "विरघळते." विरघळून पुढच्या पाइपात जाते आणि तिथे पुन्हा बसते. नको म्हटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला, नवरात्राचे उपास सुटले आणि कोल्हापूर मटणावर तुटून पडलं. जुलैनंतरचा पहिला खरा रविवार. दुपारी दोनला मी जेवायला नाही, झाकण उघडायला गेले. मोरी वाहतेय, फरशी कोरडी. थर ७ आणि ५.

नंतर जेवलेही.

१२ ऑक्टोबर, रविवार

थर १० आणि ६. एका आठवड्यात ४ सेंमी. म्हणजे हंगामात सहा आठवड्यांनी रिकामी करावी लागणार, मी मनात तीन महिने धरले होते. आण्णांना खर्च सांगितला. ते म्हणाले, जुलैच्या त्या एका रविवारी किती माणसं उपाशी परत गेली ते मोजलंय मी. भर गर्दीत, अडीच वाजता नमुना घेतला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल : २४. मर्यादा २०. ५४० वरून इथवर आलो, पण २४ म्हणजे २० नव्हे. उरलेलं बहुधा साबणाने फोडलेलं बारीक तेल. सिंकचं गरम पाणी टाकीत पडण्याआधी थोडं निवायला हवं. मोरीच्या कोपऱ्यात छोटं गाळणीचं चेंबर बसेल, जागा मोजली, ७५ × ४५ सेंमी. मावशी म्हणतात तिथे त्या त्यांचा पाट ठेवतात. पाट दुसरीकडे हलवायची बोलणी चालू आहेत, आण्णांनी मध्ये पडायला नकार दिलाय.

सफाई भाऊबीज झाल्यावर, २५ तारखेला. गाडी सकाळी सात वाजता, पावतीवाली.